गेल्या दोन महिन्यांत किती वेळा?

३ जुलै २०२५, नगर

सरकारी कागदांवर आता अहिल्यानगर. घरच्या वहीत नगर चालेल.

डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या फायली आज सलग वाचल्या. मुलांच्या पोटाच्या तक्रारींची प्रश्नावली, दोन नमुन्यांत. एक आईवडिलांनी भरायचा, चार वर्षांपुढच्या मुलांसाठी. दुसरा मुलांनी स्वतः, दहा वर्षांपुढच्या. बेंबीच्या वर दुखतं, खाली की भोवती, किती वेळा, एकदा सुरू झालं की किती वेळ, शी घट्ट की पातळ, शी झाल्यावर दुखणं थांबतं का, गिळलेला घास तोंडात परत येतो का. आजवर मी कीटकनाशकांच्या डब्यांवरचे इशारे, ठिबक सिंचनाच्या पुस्तिका, पतसंस्थेची कर्जपत्रं मराठीत आणली. पोटाची ही पहिलीच खेप.

मागचं शास्त्र बाईंनी फोनवर सांगितलं. या आजारांत रक्त-लघवी ठीक, सोनोग्राफी ठीक, दुर्बीण घातली तर तीही ठीक; आणि पोरगं मात्र पोट धरून बसलेलं. यंत्राला काही दिसत नाही म्हणून निदान विचारण्यावर. कोणत्या तक्रारी, किती दिवस, किती वेळा असल्या म्हणजे कोणतं नाव द्यायचं, याचे नियम निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी बसून ठरवले. त्या बैठकांची सुरुवात रोमला झाली म्हणून ते ‘रोम निकष’. मुलांचं स्वतंत्र प्रकरण त्यात १९९९ साली आलं, सुधारणा २००६ला, आणि सध्या चालते ती २०१६ची चौथी आवृत्ती. प्रश्नावली या निकषांवर बेतलेली. मालकी रोम फाउंडेशनची. परवानगी काढूनच हात लावायचा आणि अनुवाद कसा केला त्याचा हिशेबही द्यायचा.

बाई म्हणाल्या, “शब्द तुझे, आकडे त्यांचे. चार म्हणजे चार.”

५ जुलै

रीत अशी. दोघांनी एकमेकांचं न बघता मराठी करायचं. मग दोन्ही समोर ठेवून त्यांचं एक. मग मूळ इंग्रजी कधीही न पाहिलेल्या तिसऱ्याने ते मराठी पुन्हा इंग्रजीत न्यायचं, आणि फरक पडेल तिथे सगळ्यांनी परत बसायचं. शेवटी जिच्यासाठी हे केलं त्या आईला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ ही शेवटची पायरी सगळ्यात बिनखर्चाची, आणि घाई असली की लोक तीच गाळतात.

दुसऱ्या अनुवादक संगमनेरच्या, नर्सिंग शिकवतात. त्यांच्या कागदावर ‘मलविसर्जन’, ‘उदरशूळ’. माझ्या कागदावर ‘संडासला होणे’, ‘पोटात कळ येणे’, ‘खडा धरणे’. “छापील कागदावर संडास बरं दिसतं का, ताई?” मी म्हटलं, उदरशूळ फक्त परीक्षेत उठतो. हसल्या. पण ‘खडा धरणे’ त्यांनी चालू दिलं नाही. आई ‘खडा धरतो’ म्हणाली की तिने निदानच केलं. आपण नुसतं कसं होतं ते विचारायचं. मुद्दा पक्का होता. शेवटी आईच्या नमुन्यात ‘संडासला होणे’, मुलांच्या नमुन्यात ‘शी’. परसाकडे जाणं, बाहेर जाणं, डबा घेऊन जाणं हे सगळं विचारणाऱ्या ताईंसाठीच्या सूचनापत्रात; प्रश्न कळला नाही तर वापरायला.

९ जुलै

बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर पहिली वाचनं. शब्दांना कोणी अडखळलं नाही. सगळे अडखळले ते ‘गेल्या दोन महिन्यांत’ला.

उत्तराचे पाच खाने: कधीच नाही, महिन्यातून एक ते तीन वेळा, आठवड्यातून एकदा, आठवड्यातून बऱ्याचदा, रोज. नेवाशाकडच्या एका आईने प्रश्न संपायच्या आत सांगितलं, “सारखंच दुखतंय.”

रोज?

“रोज नाही ओ मॅडम. मधनंच.”

दोन महिने कधीपासून धरलेत?

“शाळा लागल्यापासनं.”

शाळा लागली जूनच्या मध्याला. म्हणजे तिचे दोन महिने जेमतेम तीन आठवड्यांचे. निकष मात्र काटेकोर: पोटदुखीच्या बहुतेक प्रकारांत महिन्यातून किमान चार दिवस, आणि असं किमान दोन महिने. चारच्या जागी तीन पडले की मूल त्या नावाच्या बाहेर. बाईंना या ‘सारखं’मधून चार काढायचे आहेत की तीन, हे त्या ‘सारखं’लाच ठाऊक नाही.

दुपारी राहुरीची एक बाई आली. मी विचारलं, तुमच्याकडे दूध डेअरीला जातं का? जातं. पगार कधी होतो? दर दहा दिवसांनी. मग गेल्या दुधाच्या पगारापासून आजपर्यंत पोरीचं पोट किती वेळा दुखलं? बाई बोटांवर मोजायला लागली. पगाराच्या दिवशी दुखत होतं, कारण नवरा पैसे घेऊन आला तेव्हा पोरगी आडवी होती, मग एकादशीला, उपवासाचं खाऊन, मग परवा. तीन. त्याआधीच्या पगारात? तेही सांगितलं. असे सहा पगार झाले की दोन महिने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या घरात दुधाचे खाडे लिहिलेले असतात त्या घरात तारखा नसतात असं कोण म्हणेल?

संध्याकाळी बाईंशी बोलले. प्रश्नाला हात लावायचा नाही, तो सगळ्या भाषांत एकसारखा राहिला पाहिजे. पण विचारणाऱ्याने आधी काळाची खूण रोवून घ्यावी आणि मग प्रश्न वाचावा, याला कोणाचा आक्षेप नसावा. खुणांची यादी करायला घेतली: दुधाचा पगार, आठवडे बाजार, एकादशी, चतुर्थी, शाळेची चाचणी. पाळीच्या तारखाही. हे एका सिस्टरने सुचवलं, आणि बायका त्या चुकत नाहीत.

१४ जुलै

शीचे प्रश्न. आठवड्यातून किती वेळा होते? सहा वर्षांच्या मुलाची आई माझ्याकडे बघतच राहिली. “आता मी काय त्याच्या मागं जाते का?”

इथे खरी गोम आहे. ही प्रश्नावली गृहीत धरते की घरात कोणीतरी बघतं. संडास घरात, दार आईच्या नजरेसमोर, पाणी सोडायच्या आधी कोणाची तरी नजर पडलेली. आपल्याकडे पोरगं चड्डी सोडायला शिकलं की आई सुटली. मुलं सकाळी दोघं-तिघं मिळून ओढ्याकडे, नाहीतर घरामागे. स्वच्छ भारतच्या लाटेत संडास झाले आहेत, बऱ्याच घरी वापरलेही जातात. पण उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की लहानांना बाहेरच पाठवतात, घागरभर पाणी वाचतं. आणि आत गेलं तरी आत काय झालं ते मुलालाच माहीत.

त्या आईची थोरली मुलगी, सातवीत असेल, बाकाच्या टोकाला बसली होती. ती म्हणाली, “मला माहितीये. मीच नेते त्याला. एक दिवसाआड बसतो, आणि लई वेळ लावतो. मला शाळेला उशीर होतो.” आईला ठाऊक नव्हतं. बापाला विचारायचा प्रश्नच नव्हता. तीन प्रश्नांची नेमकी उत्तरं बारा-तेरा वर्षांच्या बहिणीने दिली, आणि नमुन्याच्या माथ्यावर छापलंय ‘आईवडिलांसाठी’.

पुढचा प्रश्न याच घरातला. शी कधी एवढी मोठी होते का की संडास तुंबतो? पाश्चात्त्य कमोडच्या वाकड्या नळीला तो प्रश्न बरोबर आहे. आपल्या शोषखड्ड्याच्या भांड्याला कमी, आणि ओढ्याकाठी अजिबात नाही. पण हा निकषांतला एक आकडा आहे. बद्धकोष्ठाच्या सहा खुणांपैकी दोन तरी हव्यात: आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा होणं, आठवड्यातून एकदा तरी चड्डीत लागणं, शी रोखून धरणं, दुखून किंवा कडक होणं, डॉक्टरांना तपासताना आत मोठा गोळा लागणं, आणि ही तुंबवणारी शी. एक खूण इथे कधी उमटणारच नसेल तर आपल्या मुलांना सहातली नव्हे, पाचांतली दोन मिळवायची आहेत. मी बाईंना तसं लिहिलं. उत्तर आलं: “बरोबर. पण तू प्रश्न काढू शकत नाहीस. नोंद कर.”

नोंद केली.

१९ जुलै

आजचा दिवस बाईंच्या खोलीत. ‘रोखून धरणं’ या एका प्रश्नावर सगळी सकाळ.

आयांना विचारलं, शी रोखून धरतो का? एकजात सगळ्यांचं ‘नाही’. उलट, “लई जोर करतो बिचारा, घामाघूम होतो. होतच नाही.” बाईंनी एका आईला थांबवून विचारलं, जोर करतो तेव्हा कसा उभा असतो ते दाखवा. आई उठली. पाय एकमेकांवर आवळले, टाचा उचलल्या, दाराच्या चौकटीला धरलं, तोंड लाल. बाई म्हणाल्या, आता असंच राहून बसायला जमतंय का बघा. आईला जमेना. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पोरगं शी बाहेर ढकलत नव्हतं, आत ढकलत होतं.

मग बाईंनी जे सांगितलं ते इथे उतरवून ठेवते, कारण ते कळल्याशिवाय हा प्रश्न मराठीत येत नाही. कधीतरी एकदा शी कडक झाली, दुखलं, थोडं रक्तही आलं असेल. ताप, प्रवास, दूध-बिस्किटावर काढलेला आठवडा, काहीही कारण. मुलाने ठरवलं, आता नको. कळ आली की तो आवळून धरतो, कळ निघून जाते. राहिलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी घट्ट होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. असं महिनोन्महिने चाललं की गुदाशय ताणून मोठा होतो, भरल्याची जाणीवच बोथट होते. मग वरची पातळ शी त्या गोळ्याच्या कडेने झिरपून चड्डीला लागते, मुलाला पत्ता नसतो. आणि आई डॉक्टरकडे येते ती ‘जुलाब होतात, चड्डी खराब करतो’ म्हणून. बद्धकोष्ठाच्या पोराला जुलाब थांबवायचं औषध मिळतं.

आणि मार मिळतो, हे बाईंनी हळू आवाजात नाही, चांगलं ठणकावून सांगितलं. “एवढा घोडा झाला तरी चड्डीत करतो म्हणून शाळेत हसू, घरी चापट. चापट बसली की तो अजून आवळतो.”

म्हणून आता प्रश्नात ‘रोखून धरतो का’ याच्यापुढे अंग दिसतं: अंग ताठ करून, पाय आवळून किंवा एकावर एक घालून उभा राहतो का? मूळ इंग्रजीतही असंच आहे, फक्त आम्ही दोघींनी आधी ‘रोखून’वर भर दिला होता, तो ‘पाय आवळून’वर आणला. आई हेतू सांगू शकत नाही. उभं राहणं सांगू शकते. कोपऱ्यात किंवा दाराआड जाऊन उभं राहणं हेही हवं होतं मला, बाकावर सगळ्याच आया ते सांगत होत्या. मूळ इंग्रजीत नाही, म्हणून आलं नाही.

उपचाराचं बाईंचं म्हणणं अगदी साधं. साचलेलं आधी औषधाने मोकळं करायचं, मग महिनोन्महिने शी मऊ ठेवणारी पावडर, आणि जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, पाय टेकलेले. जेवलं की आतड्याची हालचाल आपोआप वाढते, तिचा फायदा घ्यायचा. आया पावडर दोन आठवड्यांत बंद करतात, ‘सवय लागेल’ म्हणून. हे सगळ्यात वाईट.

२४ जुलै, राजूर

अकोले तालुका. भंडारदऱ्याकडून आलेला पाऊस आडवा मारतोय, समोरचा डोंगर दोन दिवस दिसलेला नाही. भाताची आवणी जोरात, बायका गुडघाभर चिखलात. कोणाला प्रश्न विचारायचे म्हणजे बांधावर उभं राहून ओरडावं लागेल. म्हणून मुलांचा नमुना घेऊन आलो, एका निवासी शाळेत. दहा ते चौदा वर्षांची मुलं, महादेव कोळी आणि ठाकर.

वर्गात कागद वाटले. वीस मिनिटांत सगळे परत. सगळ्यांचं सगळं ‘कधीच नाही’. पोट कधी दुखलं नाही, उलटी कधी झाली नाही, शी रोज, मऊ, सुरेख. अशी पोटं जगात कुठे नसतील. शेजारच्याचा कागद दिसतोय, गुरुजी दारात उभे, आणि प्रश्न शीचे.

दुपारी व्हरांड्याच्या टोकाला एकेकाला बोलावलं. सिस्टर वाचणार, मूल फक्त पाचांपैकी एका खान्यावर बोट ठेवणार, बोलायचं नाही. आता उत्तरं आली. सकाळी पन्नास-साठ मुलं आणि मोजके संडास, रांग, मागचा दार वाजवतो. म्हणून बरीच जणं संध्याकाळवर टाकतात, मग उद्यावर. एका मुलीने सिस्टरला विचारलं, “घरी गेल्यावर होते, इथं होत नाही, तर कोणतं लिहू?” प्रश्नावलीला याचं उत्तर नाही. दोन महिने म्हणजे दोन महिने, मूल कुठेही असो. सिस्टरने शाळेतलं लिहिलं. मी असते तर तेच केलं असतं, आणि खाली ओळ ओढून ‘घरी वेगळं’ असंही.

‘बेंबीच्या वर, भोवती, खाली’ला मुलं शब्दाने चाचपडतात, बोटाने नाही. पाठपोट एक आकृती छापली आहे, तिच्यावर बोट पडतं, आणि बहुतेकांचं बेंबीवरच. बाईंनी यावरून ॲप्ली नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली होती. १९५८ साली त्याने ब्रिस्टलच्या हजार शाळकरी मुलांचा अभ्यास केला, आणि दहात एकाहून किंचित जास्त मुलांना पुन्हापुन्हा दुखणारं पोट सापडलं. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकं आत खरोखर काही बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त, असा त्याचा आडाखा अजूनही बालरोगतज्ज्ञ शिकतात. आजीही बेंबीकडेच बघते. बेंबी सरकली म्हणते, हिंग उगाळून लावते. दोघांचं कारण वेगळं, पण बोट एका जागी.

२९ जुलै, नागपंचमी

ब्रिस्टलचाच दुसरा उद्योग: शीच्या सात प्रकारांचा तक्ता, १९९७चा. पहिला सुट्या कडक गोळ्या, सातवा निव्वळ पाणी. चौथा आदर्श, आणि त्याचं मूळ वर्णन सॉसेजसारखं किंवा सापासारखं, गुळगुळीत आणि मऊ, असं आहे. आजच्या दिवशी ते मराठीत लिहिणं मला जमणार नव्हतं. काम बंद. दिंडं उकडली.

३० जुलै

तक्त्यात चित्रं आहेत, म्हणून निभावतं. पहिल्या प्रकाराला ‘शेळीच्या लेंड्यांसारखी’. या जिल्ह्यात हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. सॉसेज आणि साप दोन्ही गेले, ‘लांबट, मऊ, एकसंध’ आलं.

८ ऑगस्ट, पाथर्डी तालुका

ज्या गावात आज होतो ते दिवाळीनंतर अर्धं रिकामं होतं. ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने, काही कर्नाटकातले. परतणं मार्च-एप्रिलात. लहान मुलं बरोबर जातात, कोप्यांत राहतात; शाळेची असली तर आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात.

एका आजीपाशी दोन नातवंडं. पोरांची आई आता गावातच होती, खुरपायला गेलेली. आजीच बोलली, आणि फार नेमकं बोलली. थोरल्याचं पोट दुखायचं ते हंगामात, आईबाप गेले की. सकाळी शाळेच्या वेळेला. रविवारी नाही. “आई आली की राहतं. आता चांगलाय.” धाकटी आईबरोबर गेली होती. तिचं उलट: गावात ठीक, कोपीवर घट्ट. उजाडायच्या आत आई फडात. पोर एकटी उसाच्या कडेला जायला भ्यायची, दिवसभर धरून ठेवायची. हे मात्र आजीने पाहिलं नव्हतं. आल्यावर आईनं सांगितलं.

आता प्रश्न वाचा: गेल्या दोन महिन्यांत किती वेळा? ऑगस्टात विचारलं तर दोन्ही मुलं निरोगी. जानेवारीत विचारलं तर दोघांनाही आजार, पण विचारायला गावात आई नाही आणि फडावर आजी नाही. एका मुलाचं पोट ज्याला माहीत आहे तो माणूस सहा महिन्यांनी बदलतो.

मी बाईंना फोन लावला. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “दवाखान्यात आलेल्या मुलाला याचा त्रास नाही, दुखतंय तेव्हाच येतो. पण हीच प्रश्नावली घेऊन कोणी गावोगाव मोजणी केली तर? पावसाळ्यात केली तर पाथर्डी-शेवगावची पोरं जिल्ह्यात सगळ्यात धडधाकट निघतील.” २०२१ साली ३३ देशांतल्या मोठ्या माणसांच्या पोटाची अशी मोजणी छापून आली, आपल्या देशात घरोघर जाऊन विचारलं होतं. तिथे मोठी माणसं स्वतःबद्दल बोलत होती, एवढं तरी होतं.

अनुवादकाच्या हातात यातलं काय? कागदाच्या माथ्यावर आमची म्हणून एक पट्टी जोडायची: उत्तर कोणी दिलं, मूल गेले दोन महिने कुठे राहत होतं, कोणाजवळ. रोमच्या आकड्यांना धक्का नाही. बाई तयार. संगमनेरच्या बाईंना वाटतं की कागद आधीच लांब आहे. लांब आहे हे खरं.

१३ ऑगस्ट, जामखेड रस्ता

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये आले. त्यांनी खेड्यातल्या, अनेकदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ला दोघांना मॅगसेसे मिळालं, आणि पुढे देशोदेशीचे लोक ते बघायला या दुष्काळी तालुक्यात यायला लागले. माझी आई सांगायची की त्या काळी नगरचे शिकलेले लोक याला हसले होते.

आज एका आशाताईंनी आमच्या प्रश्नावलीचा क्रमच उलटा करून दाखवला. त्या आधी खाण्याचं विचारतात, मग उलटीचं, मग दुखण्याचं, शी सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा हातात काहीतरी काम धरून, तोंडाकडे न बघता. उत्तरं भराभर येतात. क्रम बदलायला परवानगी नाही. तोंडाकडे न बघण्याला आहे.

१८ ऑगस्ट

उलट-अनुवाद पुण्याहून आला. बहुतेक ठिकाणी जुळलं. ‘मळमळ’ जशीच्या तशी परतली. ‘करपट ढेकर’ इंग्रजीत जाताना जळका झाला, तो सोडून दिला.

अडलं ते प्रश्नावलीबाहेर, पालकांना द्यायच्या माहितीपत्रकात. निकषांची २०१६ची भाषा अशी की योग्य तपासणीनंतरही या तक्रारींचं पूर्ण स्पष्टीकरण दुसऱ्या आजाराने होत नाही. आधी ‘दोष असल्याचा पुरावा नाही’ असं असायचं. बदल मुद्दाम केलेला. आमच्या पहिल्या मसुद्यावर एका आईने विचारलं, “म्हणजे सोंग करतो का?” दुसरीने मुलाकडे बघितलंसुद्धा, तशाच नजरेने. आणि मेंदू व आतडं यांच्यातल्या देवाणघेवाणीचा बिघाड, हे तर आणखी अवघड. ‘मेंदू’ म्हटलं की बाप ताठ होतो. आमच्या पोराला तसलं काही नाही.

मग बाई आयांशी जे बोलतात तेच लिहिलं. पोट खरंच दुखतं. आतड्याच्या नसा जास्त जाग्या झाल्या आहेत, साध्या वायूची, साध्या ताणाचीही कळ जाणवते. परीक्षेच्या सकाळी मोठ्यांनाही संडासला धावावं लागतं, ते सोंग नसतं. ‘मानसिक’ हा शब्द पत्रकात कुठेही नाही. ‘मेंदू’ एकदाच, खालच्या परिच्छेदात, तोवर बापाने वाचत यावं म्हणून.

२२ ऑगस्ट, पोळा

बाईंनी धोक्याच्या खुणांची चौकट पहिल्या पानावर हवी म्हणून आग्रह धरला. वजन घटणं किंवा उंची अडणं, शीतून रक्त, हिरवी उलटी, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, न उतरणारा ताप, सांधे सुजणं, गिळताना अडकणं. यातलं एक जरी असलं तर प्रश्नावली बाजूला आणि तपासण्या आधी. आपल्याकडे पोटाचा क्षय आहे, तो रोमला विचारून येत नाही. जुलैत बाकावर भेटलेल्या एका मुलीचं रात्रीचं दुखणं आणि सैल झालेला फ्रॉक एवढ्यावरून बाईंनी तिला थांबवून घेतलं होतं. तिचा कागद आम्ही मोजणीत धरलेला नाही.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती, म्हणून आजच सगळं पाठवलं. दोन्ही नमुने, हिशेबाचा तक्ता, माथ्यावरच्या पट्टीची मागणी, आणि संडास तुंबण्याच्या प्रश्नावर दीड पानाचं पत्र. ते पत्र बाईंनी तीनदा छाटलं तरी दीड पान राहिलं. आम्ही काय मागतोय तर एवढंच: प्रश्न ठेवा, पण जिथे तुंबायला संडास नाही तिथे ‘लागू नाही’चा खाना द्या, आणि तो खाना भरला तर मोजताना त्याचं काय करायचं तेही तुम्हीच सांगा.

उत्तर यायला वेळ लागेल असं बाई म्हणतात. मला घाई एकाच गोष्टीची आहे. पाथर्डीच्या त्या गावांत आया आणि आज्या दोघीही घरात असताना दुसरं वाचन करायचं आहे, एकाच मुलाबद्दल दोघींना वेगवेगळं विचारून. दसरा यंदा २ ऑक्टोबरला. त्यानंतर मुकादमांच्या गाड्या लागायला लागतील. सिस्टरला सप्टेंबरच्या तारखा मागितल्या आहेत.